गाळा तारण ठेवून व्हिएन्ना?

पत्र थोडक्यात असं: वय २३, राहायला बोईसर. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. नुकतीच पूर्ण झाली आहे. वडिलांचं किराणा दुकान, आई घर आणि गल्ला दोन्ही सांभाळते, धाकटा भाऊ बारावीला. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात अण्वस्त्रप्रसारबंदी आणि अणुसुरक्षा या विषयाच्या एक वर्षाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला आहे. राहण्याखाण्यासकट खर्च ३४ लाख. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण तारण म्हणून दुकानाचा गाळा मागते. "बाबा हो म्हणालेत, पण त्यांचा चेहरा हो म्हणत नाही." त्याच सुमारास भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलकडून मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. मोठे काका म्हणतात, "एवढं शिकून सिक्युरिटीत जाणार? मग पोलीस भरतीच द्यायची होती." आईला किरणोत्सर्गाची धास्ती. पत्रलेखिकेला व्हिएन्नाला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत निरीक्षक व्हायचं आहे. "भारतात या विषयाचं शिक्षणच नाही. आपला देश एनपीटी, म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी करारातही नाही. बाहेरची पदवी असल्याशिवाय मला कोण विचारणार? हीच एक संधी दिसते. गाळा तारण ठेवू का?"

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? तुझ्या वयाच्या बऱ्याच मुली माझ्या हाताखाली शिकून गेल्या, त्यामुळे जिभेला दुसरं वळण नाही.

काकांचं वाक्य वाचून हसू आलं. माझं लग्न झालं त्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, "सूनबाई सरकारी गोदामात वजनं करते." मी प्रयोगशाळेत युरेनियमच्या नमुन्यांची मोजमापं करत होते. तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, इतकं नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

काकांचा गोंधळ हा खरं तर आपल्या भाषेचा गोंधळ आहे. या क्षेत्रात तीन वेगळे शब्द चालतात: सेफ्टी, सिक्युरिटी आणि सेफगार्ड्स. मराठीत तिन्हींना 'सुरक्षा' म्हणून आपण मोकळे होतो. सेफ्टी म्हणजे यंत्रापासून माणसाला इजा होऊ नये ही काळजी. सिक्युरिटी म्हणजे माणसापासून मालाला धोका होऊ नये, मग ती चोरी असो, घातपात असो की आतल्याच कोणाची फितुरी. आणि सेफगार्ड्स म्हणजे खुद्द सरकारनेच वीज किंवा संशोधनासाठी म्हणून घेतलेला माल गुपचूप बॉम्बकडे वळवलेला नाही ना, याची तिसऱ्याने केलेली तपासणी. सरकारी हिंदीत त्याला 'रक्षोपाय' म्हणतात. मराठीत तो कोणाच्या तोंडी नाही, म्हणून मी सेफगार्ड्सच म्हणेन. दुसऱ्या कामात पहारेकरी लागतो हे काकांचं खरं. तिसऱ्यात लागतो तो मुनीम. आणि तुला जे व्हायचंय ते हेच तिसरं.

मुनीम हा शब्द उगाच वापरला नाही. बाबा मार्चअखेर स्टॉक मोजतात ना? सुरुवातीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक, म्हणजे इतका माल असायला हवा. मग प्रत्यक्ष पोती मोजायची, डबे वजन करायचे. दोन आकड्यांत फरक येतोच. त्याला बाबा घट म्हणतात. अणुइंधनाच्या कारखान्यात हाच हिशोब याच क्रमाने होतो, आणि तिथल्या घटीला मफ म्हणतात, म्हणजे हिशोबात न सापडलेला माल. तांदळात दीड किलो घट आली तर बाबा उंदरांवर ढकलून पुढे जातील. प्लुटोनियम उंदीर खात नाहीत. आंतरराष्ट्रीय संस्थेने आठ किलो प्लुटोनियम हा आकडा धरला आहे: एवढा माल हाती आला तर एक बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही. उच्च समृद्ध युरेनियम, म्हणजे ज्यात युरेनियम-२३५ या कामाच्या प्रकाराचं प्रमाण मुद्दाम खूप वाढवलेलं असतं, ते असेल तर त्यातलं युरेनियम-२३५ पंचवीस किलो. आणि 'कधीतरी सापडेल' हेही चालत नाही. इंधनातून वेगळं काढलेलं प्लुटोनियम नाहीसं झालं तर ते महिन्याभरात लक्षात यावं, असं उद्दिष्ट असतं.

आता गणित बघ. जपानमध्ये रोक्काशोला वर्षाला आठ टनांच्या आसपास प्लुटोनियम वेगळं काढण्याच्या क्षमतेचा कारखाना बांधला आहे. तिथे मोजमाप एका टक्क्याने जरी चुकलं तरी ऐंशी किलोंचा घोळ, म्हणजे दहा बॉम्बांचा. चोरी नाही, फितुरी नाही, नुसता काटा नीट नाही. सगळं आंतरराष्ट्रीय राजकारण शेवटी त्या काट्यावर येऊन टेकतं. करार, ठराव, व्हिएन्नातली भाषणं, सगळं.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. युरेनियम ऑक्साइडच्या बाटल्यांचा हिशोब अकरा ग्रॅमनी जुळेना. माल कमी नव्हता, उलट जास्त भरत होता, आणि जास्त भरणंही तितकंच वाईट. दोन दिवस आम्ही चौघं वह्या चाळत होतो. डिटेक्टर तपासला, गॅमा किरणांच्या आलेखावरचं १८६ चं शिखर, जे युरेनियम-२३५ ची ओळखखूण, ते जागच्या जागी होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटल्या धुणाऱ्या मावशींनी विचारलं, "बाई, झाकणं नवी आलीत. धडा नवीन केला का?" धडा म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन, एकूण वजनातून वजा करायचं. तो केला नव्हता. जुन्या हलक्या झाकणांचं वजन आम्ही अजून वजा करत होतो. मावशी भाजीवाल्याच्या घरातल्या, भांड्याचा धडा केल्याशिवाय तराजूला हात लावायचा नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं. एम.एस्सी.च्या चार पदव्या तिथे गप्प बसल्या.

हे सांगायचं कारण, तुझ्या पत्रात एक गोष्ट तू गृहीत धरली आहेस: ज्या पदवीवर विषयाचं नाव छापलेलं आहे तेच त्या विषयाचं दार. या क्षेत्रात तसं नसतं. व्हिएन्नाच्या संस्थेत निरीक्षकाच्या जागेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि अणुक्षेत्रातल्या कामाचा काही वर्षांचा अनुभव बघतात. सेफगार्ड्स कसे करायचे, सील कसं तपासायचं, कोणत्या देशाशी कोणता करार, ते निवड झाल्यावर तेच शिकवतात. १९८० पासून या संस्थेचे निरीक्षक अमेरिकेत लॉस अलामोसला मोजमापाचं प्रशिक्षण घ्यायला जातात, कारण मालाला हात न लावता, पेटी न उघडता आतला माल मोजण्याची विद्या तिथे प्रत्यक्ष मालावर शिकता येते. म्हणजे नाव छापलेली पदवी नसलेल्या माणसाला ते शिकवून घेतात. डिटेक्टरपाशी कधी न बसलेल्या माणसाला घेणं त्यांना जड जातं.

एका वर्षाच्या एम.ए.त काय मिळतं? करारांचा इतिहास, निर्यातनियंत्रण, दहशतवाद, देशोदेशींच्या अणुकार्यक्रमांचे अभ्यास, भरपूर निबंध आणि एक प्रबंध. लंडनच्या किंग्ज कॉलेजसारख्या ठिकाणी हा अभ्यास गंभीरपणे चालतो, त्यात वाद नाही. पण वर्गात बहुतेक जण राज्यशास्त्राचे असतील, आणि भौतिकशास्त्रात तू ज्या पायरीवर आज आहेस, वर्षाने त्याच पायरीवर असशील. प्रयोगशाळेची जोड हवी असेल तर अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात अणुअभियांत्रिकीची एम.एस. करताना या विषयावर भर देता येतो. तिथे असिस्टंटशिप मिळाली तर पैसे भरून नव्हे, घेऊन शिकता येतं. मात्र तिथल्या सरकारच्या बऱ्याच शिष्यवृत्त्या आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतली बरीच कामं फक्त त्यांच्या नागरिकांना असतात. इंग्लंडमध्येही अणुप्रकल्पात नोकरी म्हटली की आधी सुरक्षा-चौकशी, आणि परदेशी उमेदवार अनेकदा तिथेच अडतो. तुला प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाला सरळ विचार: मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडून किती भारतीय विद्यार्थी बाहेर पडले, आणि आज ते कुठे आहेत? उत्तर गोलमाल आलं तर तेही उत्तरच. मोठी नावंही कायमची नसतात. कॅलिफोर्नियात माँटेरेची संस्था या विषयात नावाजलेली, तिने २०२५ मध्ये आपले पदव्युत्तर अभ्यासक्रम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

याचा अर्थ करार-कायद्याची बाजू बिनकामाची असा घेऊ नकोस. १९९१ मध्ये आखाती युद्धानंतर इराकमध्ये निरीक्षक आत गेले, तेव्हा काय निघालं? जाहीर केलेल्या ठिकाणांचा हिशोब वर्षानुवर्षं तपासला जात होता. दुकानातला स्टॉक बघून निरीक्षक सही करत होते, आणि मागच्या गल्लीत दुसरं गोदाम, म्हणजे जाहीर न केलेला अणुकार्यक्रम, चालू होतं. त्या धक्क्यातून १९९७ चा ॲडिशनल प्रोटोकॉल, म्हणजे सेफगार्ड्स कराराला जोडायचा पूरक करार आला. मग निरीक्षक न सांगितलेल्या जागाही बघायला मागू लागले, भिंतीवरून, टेबलावरून सुती फडक्याने धूळ पुसून घेऊ लागले. व्हिएन्नाजवळ झायबर्सडॉर्फला ती फडकी तपासतात, आणि धुळीतल्या एका कणावरूनही कळतं की इथे युरेनियम किती समृद्ध केलं होतं. उपग्रहाची चित्रं, आयात-निर्यातीच्या नोंदी, परकीय भाषा हे सगळं त्यानंतर या कामात शिरलं. तुझ्या एम.ए.ची खरी जागा इथे आहे. म्हणून ते करूच नको असं मी म्हणत नाही. आधी काटा, मग गल्ली, असा क्रम मला योग्य वाटतो. माझ्या क्षेत्राकडे माझं झुकतं माप असणारच, तेवढं वजा करून वाच.

आता 'भारतात काही नाही'. अगं, तू बोईसरची! तुझ्या शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं १९६९ पासून चालू झाली, अमेरिकेच्या मदतीने बांधलेली, बाहेरून आलेल्या समृद्ध युरेनियमवर चालणारी. त्या इंधनासाठी १९७१ मध्ये भारत, अमेरिका आणि व्हिएन्नाची संस्था असा त्रिपक्षीय करार झाला. तू ज्या रस्त्याने शाळेत गेलीस, त्याच्या जवळपासच, जगभर हे काम कसं चालतं त्याचा नमुना तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून हजर आहे. निरीक्षक काय करतात? वापरलेलं इंधन पाण्याच्या खोल हौदात ठेवलेलं असतं, त्याभोवती निळसर उजेड पडतो. खास दुर्बिणीतून तो उजेड बघून खात्री करतात की खाली खरंच वापरलेलं इंधन आहे, नुसत्या डमी कांड्या नाहीत. कॅमेरे लावतात, सील करतात. वर्षानुवर्षं वापरात असलेलं त्यांचं सील म्हणजे मोठ्या नाण्याएवढी धातूची टोपी, तारेत अडकवलेली. तिच्या आतल्या बाजूला ओरखडे असतात, प्रत्येक टोपीचे वेगळे. व्हिएन्नाहून निघण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवतात. सील कापून परत नेलं की पुन्हा फोटो, आणि ओरखड्याशी ओरखडा लावून बघायचा. जगातल्या सगळ्यात धोकादायक मालाची राखण एका ओरखड्यावर! मला आजही याचं नवल वाटतं.

एनपीटीबद्दल. आपण त्या करारात नाही हे बरोबर, पण व्हिएन्नाच्या संस्थेचे आपण १९५७ पासूनचे, म्हणजे स्थापनेपासूनचे सदस्य आहोत. नोकरीला ते सदस्यत्व पुरतं, आणि भारतीय माणसं तिथे काम करत आली आहेत. एक बारकावा मात्र लक्षात ठेव: अमुक निरीक्षक आमच्याकडे नको, असं म्हणण्याचा हक्क प्रत्येक देशाला असतो, त्यामुळे कोण कुठे जाणार हे राजनैतिक सोयीनेही ठरतं. शिवाय भारताचा स्वतंत्र सेफगार्ड्स करार आहे. १ ऑगस्ट २००८ ला तो संचालक मंडळात मंजूर झाला, मे २००९ मध्ये लागू झाला. त्याआधी नागरी आणि लष्करी अणुप्रकल्प वेगळे करण्याच्या २००६ च्या विभाजन आराखड्यात तेव्हाच्या २२ अणुभट्ट्यांपैकी १४ तपासणीखाली द्यायचं ठरलं होतं. अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, आणि कोणती भट्टी कुठल्या यादीत यावर आमच्या कँटीनमध्ये डबे गार व्हायचे. मुद्दा असा की या अणुभट्ट्यांचा हिशोब कोणीतरी भारतीय माणूसच ठेवतो. निरीक्षक येतो तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वह्या उघडून बसणाराही सेफगार्ड्सचाच माणूस असतो. व्हिएन्नाची खुर्ची तुला दिसते, ही दिसत नाही.

सेफगार्ड्स नावाची पदवी मात्र इथे सहसा सापडणार नाही, तुझं तेवढं बरोबर. हरियाणात बहादूरगडजवळ जागतिक अणुऊर्जा सहभाग केंद्र आहे. वॉशिंग्टनच्या २०१० च्या अणुसुरक्षा शिखर परिषदेत मनमोहन सिंगांनी त्याची घोषणा केली होती. त्याच्या पाच शाखांपैकी एक अणुसुरक्षेची आणि एक अणुपदार्थांच्या परीक्षणाची. पण तिथे छोटे अभ्यासक्रम होतात, त्यासाठी बहुधा आधी कुठेतरी नोकरीत असावं लागतं. मग उरतं ते ट्रेनिंग स्कूल, आणि तुझ्या पत्रात त्याला एकच ओळ आली आहे. मला तीच ओळ सगळ्यात मोठी वाटते.

१९५७ पासून चालू असलेली ही शाळा. एक वर्षाचं शिक्षण, विद्यावेतन, आणि नीट पार पडलं तर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमार्फत पुढे एम.टेक.ही करता येतं. खुल्या गटाला वयाची अट २६, म्हणजे यंदा नाही जमलं तरी तुझ्या हातात आणखी प्रयत्न आहेत. 'हीच एक संधी' असं तू लिहितेस, पण एम.ए. तिसाव्या वर्षीही करता येतं, ट्रेनिंग स्कूल नाही. मुदत जिची संपते, तिचा विचार आधी.

यात काटेही आहेत, ते झाकत नाही. निवड झाल्यावर कोणत्या विभागात टाकतील ते तुझ्या हातात नाही. सेफगार्ड्स मागशील आणि अणुभट्टीच्या गणितात जाऊन पडशील. किमान तीन वर्षांच्या सेवेचा बाँड असतो. परदेशी जायचं, बाहेर अर्ज करायचा, तर परवानगी. ज्यावर काम करतेस त्यावर घरी जेवताना बोलता येत नाही. (माझ्या नवऱ्याला वीस वर्षं वाटत होतं की मी नाराज आहे.) तुला मोकळं बोलण्या-लिहिण्याची ओढ असेल, वर्तमानपत्रात इराणची बातमी आली की त्यावर मत मांडावंसं वाटत असेल, तर हे आयुष्य घुसमटवेल. मग धोरणाची बाजू तुझी. त्यासाठीही थेट इंग्लंड गाठायला नको. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे, दिल्लीत जेएनयूमध्ये निःशस्त्रीकरणाचा अभ्यास होतो. गाळ्याच्या तुलनेत तिथली फी म्हणजे दुकानातली एका दिवसाची मोड.

तुझा कल कुठे आहे ते मला पत्रावरून नीट कळलं नाही, आणि तुलाही कळलेलं नसावं. एक सोपी चाचणी सांगते. व्हिएन्नाच्या संस्थेचे अणुसुरक्षेवरचे ऑनलाइन पाठ फुकट आहेत. पंधरा दिवस रोज तासभर बस. मोजमापाचा पाठ आला की झोप येते, की कराराचा? प्रामाणिकपणे वहीत लिही.

आता बाबांचा चेहरा. ३४ लाख, व्याज दहा टक्क्यांच्या आसपास, मुदत दहा वर्षं धरली तर हप्ता महिन्याला सुमारे ४५ हजार, आणि शिकत असतानाचं व्याज त्यात नाही. व्हिएन्नाचा पगार आला तर हा आकडा काहीच नाही. पण तो पगार एम.ए.नंतर लगेच येत नाही, मधे अनुभवाची वर्षं आहेत. त्या वर्षांत हप्ता कोण भरणार? गाळा. आणि व्हिएन्नाही आयुष्यभराची नोकरी नव्हे. तिथे मुदतीचे करार असतात, साधारण सात वर्षांची मर्यादा. परत आल्यावर तुझ्या हातात काय कौशल्य आहे, हा प्रश्न तेव्हाही येईल.

म्हणून मी तुझ्या जागी असते तर गाळा यंदा तारण ठेवला नसता. मुलाखत दिली असती. विद्यापीठाला आजच लिहिलं असतं की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. बरीच विद्यापीठं देतात, फक्त अनामत रक्कम अडकते का ते आधी विचार. आणि तिसरी गोष्ट, जी तुझ्या पत्रात कुठेच नाही: मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी फेलोशिप. व्हिएन्नाच्या संस्थेनेच २०२० मध्ये खास मुलींसाठी सुरू केली. अणुविज्ञान, अणुसुरक्षा, प्रसारबंदी अशा विषयांतल्या पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला फीसाठी दहा हजार युरोपर्यंत आणि राहण्यासाठी दहा हजार युरोपर्यंत मिळतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. एका वर्षाच्या तुझ्या अभ्यासक्रमात म्हणजे वीस लाख रुपयांच्या आसपास. शिवाय पुढे इंटर्नशिपची वाट. जगभरातून अर्ज येतात, मिळेलच असं नाही. पण प्रवेशपत्र हातात असलेली, भौतिकशास्त्रातली मुलगी त्यांना हवीच असते. ती मिळाली तर ३४ लाखांचं कर्ज चौदावर येतं, आणि चौदा लाखांसाठी गाळाच लागेल का, हे बँकेला नव्याने विचारता येतं. तसं झालं आणि ट्रेनिंग स्कूलमध्येही निवड झाली नाही, तर जा. आनंदाने जा.

मुलाखतीत नाही झालं आणि फेलोशिपही नाही, तर काय? मग ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून डिटेक्टर असलेली एखादी प्रयोगशाळा गाठ. नाहीतर भाभा केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका बघ. त्यातून बहुतेक जण कॅन्सर रुग्णालयात जातात, पण किरणोत्सर्गी स्रोत सांभाळणं हीसुद्धा अणुसुरक्षाच आहे. दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये जे झालं ते बॉम्बवाल्यांनी केलेलं नव्हतं. विद्यापीठातलं जुनं, कोबाल्ट-६० असलेलं उपकरण लिलावात भंगारवाल्याकडे गेलं, त्याने ते फोडलं, एक माणूस गेला आणि बाकीचे रुग्णालयात. नोंदवहीत ते उपकरण होतं की नव्हतं, एवढाच प्रश्न होता. परत मुनीमच.

आईला सांग की अशा नोकरीत छातीवर मोजणी-बिल्ला लावावा लागतो आणि त्याची नोंद राहते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग मोजायचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. निसर्गातून आपल्या सगळ्यांना जगाच्या सरासरीने २.४ मिळतातच. हिशोबाच्या बाजूला काम करणाऱ्याचा आकडा मर्यादेच्या आसपासही सहसा जात नाही. माझा गेला नाही. नुसतं 'घाबरू नको' म्हणू नकोस, आईला आकडा दे. गल्ला सांभाळणाऱ्या बाईला आकडा पटतो.

या विषयाची अजून चार-पाच पत्रं पडली आहेत, त्यांना इथेच दोन शब्द. रसायनशास्त्रवाल्यांना या क्षेत्रात भौतिकशास्त्रवाल्यांइतकीच मागणी आहे. धुळीचा कण शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरच जातो. कॉम्प्युटर इंजिनिअरांनी स्टक्सनेट नक्की वाचावं. इराणमध्ये नतांझच्या सेंट्रीफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं, बिघडवणारा हा प्रोग्राम २०१० मध्ये उघड झाला, आणि तेव्हापासून अणुप्रकल्पाची सिक्युरिटी कुंपणापुरती राहिली नाही. वकिलीच्या विद्यार्थिनीने अणुपदार्थांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार आणि २०१६ मध्ये अमलात आलेली त्याची दुरुस्ती वाचावी. नोकरीत असलेल्यांसाठी इटलीत त्रिएस्तला दोन आठवड्यांची अणुसुरक्षेची शाळा भरते. विकसनशील देशांतल्या तरुण पदवीधरांसाठी व्हिएन्नाची संस्था सेफगार्ड्सचं दहा महिन्यांचं प्रशिक्षणही देते. पात्रतेच्या अटी मात्र दर खेपेला नीट वाचाव्यात. आणि ज्याने 'एजंट अडीच लाखांत व्हिएन्नाची इंटर्नशिप लावून देतो म्हणतो' असं लिहिलंय, त्याने त्या एजंटचा नंबर पोलिसांना द्यावा. तिथे अर्जाला पैसे लागत नाहीत.

तर बोईसरकर, मुलाखतीत तुला मोजमापातल्या अनिश्चिततेवर विचारतील, विचारतातच. पुस्तकातली व्याख्या सगळ्यांनाच पाठ असते. मुलाखतीआधी दुकान बंद असेल त्या दिवशी बाबांना सोबत घे आणि तांदळाची दहा पोती प्रत्येकी तीनदा वजन कर. रिकाम्या पोत्यांचा धडा आधी. वहीतली शिल्लक, आवक, जावक मांड, घट काढ, आणि ती घट काट्याच्या चुकीत बसते की खरोखरच माल गेला ते ठरव. काकांनाही बोलाव, वजनं लिहून घ्यायला कोणीतरी लागेलच. आणि विद्यापीठाचं उत्तर आलं की त्या वहीच्या पानाचा फोटो आणि ते उत्तर, दोन्ही मला पाठव.